पाच जूनची रोपं आणि बुजवलेली शेतं

डिचोलीवाला
परवा इथेच एकाने लिहिलं होतं : "एक रोप, एक कापडी पिशवी, वर्षातून एक तास दिवे बंद. यातूनच गोवा वाचेल. टीका करणाऱ्यांनी आधी एक झाड लावून दाखवावं." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे पंचायतीच्या मैदानाच्या कडेला दर पाच जूनला, पर्यावरण दिनी, रोपं लावतात. खड्डे तेच असतात. रोपाभोवतीची जाळी छातीएवढी, तिच्यावर देणगीदाराच्या नावाचा पत्रा. गणेशचवथीआधी गवत कापायला मशीनवाला येतो आणि गवताबरोबर रोपही जातं. पुढच्या जूनला त्याच खड्ड्यात नवं रोप आणि नवा फोटो. वनमहोत्सव देशात १९५० पासून चालू आहे. आमच्या डिचोलीचे डोंगर लोहखनिजासाठी पोखरले गेले ते याच काळात, आणि खाणींच्या डंपांवरही, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगांवरही, आकेशियाची झाडं लावलीच होती. खाणी कशाने थांबल्या? बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीज रद्द झाल्या त्या गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर. त्यामागे वर्षानुवर्षं फायली उपसणं होतं. रोप लावलेल्या माणसाला वाटतं आपलं काम झालं, आणि ग्रामसभेच्या दिवशी तो घरी झोपतो. माझा राग त्यावर आहे.

चांदरची बाय
मग १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री आम्ही चांदरच्या रेल्वे फाटकावर काय केलं? मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो, गाणी म्हटली. तुमच्या हिशेबाने तेही प्रतीकच. माझी सासू गुडघेदुखी घेऊन उत्तररात्रीपर्यंत तिथे बसली होती. रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि तमनारची वीजवाहिनी, तिन्ही मोलेच्या अभयारण्याच्या जंगलातून जाणार हे आधी किती जणांना ठाऊक होतं? पोरांनी चित्रं काढली, शेकरू आणि फुलपाखरं पोस्टरवर आली, तेव्हा घराघरांत विषय गेला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. नुसत्या फायलीने हे झालं असतं म्हणता?

डिचोलीवाला
न्यायालयाने सीईसीचा, म्हणजे स्वतः नेमलेल्या केंद्रीय अधिकार समितीचा, अहवाल पाहिला, बाय. पोस्टर पाहून निकाल लागत नाहीत. आणि अभयारण्याबाहेर रुळांचं काम चालूच राहिलं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

चांदरची बाय
माहीत आहे, रोज घरासमोर दिसतं. पण याचिका लढणाऱ्याच्या मागे गाव उभा आहे हे कळायला लोक रस्त्यावर दिसावे लागतात. फोंड्याजवळ केरीला नायलॉनचा कारखाना यायचा होता, तेव्हा १९९५ साली पोलिसांच्या गोळीबारात आंदोलनातला नीलेश नाईक गेला. तो कारखाना लोकांनी परतवला.

पेडण्याचा भाऊ
तुम्ही दोघं रेल्वेत अडकलात. चवथीचं बोला. पीओपीच्या मूर्तीवर राज्यात बंदी आहे, तरी महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या पत्रादेवीवरून टेंपो भरून येतात. गेल्या विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तेरेखोल नदीच्या काठावर गेलो होतो. ओहोटीच्या चिखलात गणपतीचा तुटलेला हात, आतून काथ्या बाहेर आलेला, आणि सोंडेवरचा सोनेरी रंग जसाच्या तसा. पोटात कालवलं. कागदावरची बंदी हेच आपलं सगळ्यात मोठं प्रतीक आहे, त्यावर कुणी बोलत नाही.

माशेलची चित्रशाळा
बोलतो की. आमच्या घरात आजोबांपासून मूर्ती होतात. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, मातीचा जड, उचलायला चार माणसं लागतात, हलका नाही का? अनुदान मिळतं, ते रंगालाही पुरत नाही. पण याहून मोठी अडचण चिकणमातीची आहे. ती शेतातून येते. ज्या शेतातून बाबा माती आणायचे तिथे आज भराव घालून व्हिला उभे आहेत. एकीकडे 'मातीचाच गणपती पुजा' असं पोस्टर लावायचं आणि दुसरीकडे नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) नि ३९अ खाली शेतजमिनीचे झोन बदलून द्यायचे. माती कुठून आणू? भाऊ, टेंपोवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे.

सत्तरीची लेक
मातीचं बोललात, आता माटोळीचंही बोला, गणपतीच्या डोक्यावर रानफळांनी सजवून बांधतो त्या चौकटीचं. माटोळीच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि वस्तू मोजायची चढाओढ लागली. कांगलं, माट्टीची फळं, घागऱ्या एवढ्यावर भागत नाही, म्हणून लोक रानात शिरून वेली मुळासकट ओढतात. माझी आजी फळं लागतील तेवढीच काढायची आणि वेल तशीच ठेवायची. वटपौर्णिमेचंही तेच झालंय : वडाच्या फांद्या तोडून बाजारात आणतात, आपण विकत घेऊन पुजतो.

पेडण्याचा भाऊ
आलात मूळपदावर! हिंदूंचा सण आला की पर्यावरण आठवतं. किनाऱ्यावर रात्रभर पार्ट्या चालतात, सकाळी वाळूत बाटल्यांचा खच असतो, तेव्हा कुठे असता? गरिबाने दोन वेली आणल्या तर रान संपतं?

सत्तरीची लेक
माटोळी माझ्याही घरात बांधतात, भाऊ. घरातलं मी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं? बाटल्यांवरही बोलते, तुम्ही तेव्हा वाचत नसाल. मी सण बंद करा म्हटलेलं नाही, स्पर्धेतली मोजणी बंद करा म्हणते. आमच्या सत्तरीतल्या बांबर गावची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, बघा. देवाच्या नावाने राखली म्हणून तिथलं पाणथळीतलं रानजायफळाचं जंगल अजून उभं आहे. तेही देवाचं नावच, पण त्या नावाबरोबर बंधन होतं : तिथे कुऱ्हाड चालवायची नाही. पाच जूनच्या रोपाबरोबर कसलं बंधन येतं?

डिचोलीवाला
लेकीने माझ्या मनातलं लिहिलं. बाय, चांदरची रात्र मी रोपांच्या रांगेत बसवणार नाही, एवढं देतो. तिथे लोकांवर गुन्हे नोंदवले गेले, आणि काय थांबवायचं ते स्पष्ट होतं. पण दिवे तासभर बंद करणाऱ्याला तुम्ही त्याच पंगतीला बसवू नका.

चांदरची बाय
"एवढं देतो" म्हणे! दिवे बंद करणारा शेजारीच त्या रात्री माझ्याबरोबर आला होता. सुरुवात कुठून करायची ते माणसाला ठरवू दे. २०१६ साली माडाला कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून काढलं, तेव्हा माडावर जीव असलेली साधी माणसंच ओरडली, आणि पुढच्या वर्षी माड परत व्याख्येत आला. त्यांतल्या किती जणांनी तुमच्यासारख्या फायली वाचल्या होत्या?

डिचोलीवाला
ओरडण्यावर माझा आक्षेप नाही. ओरडून झाल्यावर हरकत लिहून द्यायला किती उरतात, ते सांगा.

माशेलची चित्रशाळा
मग उरून दाखवा. आमच्या शेजारच्या शेताची ३९अ ची नोटीस निघाली आहे, हरकतीला ३० दिवस असतात. अर्जाचा नमुना मी इथे टाकतो. सर्व्हे नंबर घाला, शेत कोणत्या पिकाचं, पाणी कुठून येतं ते लिहा, सही करा आणि पोच घ्या. रविवारी ग्रामसभा आहे, तिथे ठराव मांडणार.

पेडण्याचा भाऊ
अर्ज टाका, भरतो. पण तुमच्या ग्रामसभेत पीओपीच्या टेंपोंचाही ठराव घ्या, नाहीतर मी परत इथेच भांडेन.

सत्तरीची लेक
आणि माटोळीच्या मोजणीचा.

पेडण्याचा भाऊ
त्याला माझा विरोध आहे.