आशुतोषला मारल्याची नाराजी बेळगावातून कुणाकडे मांडायची?

वडगावची वाचक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. 'आई कुठे काय करते' ही मालिका नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली, तरीही आशुतोष केळकरचा विषय निघाला की आमच्या आईचा स्वर अजून बदलतो, म्हणून हा प्रश्न मांडते आहे.

आमच्या घरी यंत्रमाग आहेत. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास माग थांबले की आई उरलेल्या कांड्या भरत टीव्हीसमोर बसत असे आणि अरुंधतीचे काय झाले ते पाहिल्याशिवाय उठत नसे. अनिरुद्धने संजनासाठी अरुंधतीचा संसार मोडला, त्यानंतर ती गाण्याच्या आधाराने उभी राहिली, आणि कॉलेजच्या दिवसांपासून तिच्यावर जीव असलेला आशुतोष तिच्या आयुष्यात आला. मुले मोठी झालेली, घरातून विरोध आणि लोकांची बोलणी, हे सगळे सोसून २०२३ मध्ये त्या दोघांचे लग्न झाले, तेव्हा आईने त्या दिवशी घरात गोड केले होते.

याचे कारण आमच्याच घरात आहे. माझी थोरली बहीण घटस्फोटित आहे. तिच्या दुसऱ्या लग्नाचे नाव काढले की नातेवाईक गप्प बसत, आणि आई त्यांना या मालिकेचा दाखला देई. मग मार्च २०२४ मध्ये आशुतोषचा अपघातात मृत्यू दाखवला. त्याच आठवड्यात आमच्या एक आत्याबाई घरी आल्या आणि चहाचा कप खाली ठेवत बहिणीच्या देखत म्हणाल्या, "बघितलंस न्हवं? दुसरं लगीन लाभत न्हाई." बहीण काही न बोलता उठून आत गेली. मालिका तेव्हाच दुपारी अडीचच्या वेळेला हलवली गेली. त्या वेळी आमचे माग चालू असतात आणि त्या आवाजात टीव्हीतले अक्षर ऐकू येत नाही, पण आईने त्याआधीच पाहणे सोडले होते.

माझा प्रश्न असा आहे की, आपल्यासारख्या कर्नाटकात राहणाऱ्या मराठी प्रेक्षकांची नाराजी वाहिनीपर्यंत पोहोचते का? पोहोचत असेल तर ती कुणाकडे आणि कशा शब्दांत मांडावी?

निपाणीकर

ताई, तुमच्या आत्याबाईंचे वाक्य वाचून मन खिन्न झाले. तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर कटू आहे, पण ते माहीत असलेले बरे.

कोणती मालिका किती घरांत पाहिली जाते हे बार्क ही संस्था मोजते. त्यासाठी देशभरातील पन्नास हजारांहून थोड्या अधिक निवडक घरांत यंत्रे बसवलेली असतात, ती घरे कोणती हे गुप्त ठेवले जाते, आणि आठवड्याचे आकडे गुरुवारी जाहीर होतात. मराठी वाहिन्यांचा क्रम ज्या आकड्यांवरून ठरतो तो बाजार 'महाराष्ट्र आणि गोवा' असा आहे. आपण कर्नाटकाच्या बाजारात येतो. म्हणजे वडगाव, निपाणी किंवा खानापूरमध्ये हजारो घरांनी एखादी मराठी मालिका रोज पाहिली काय आणि रागाने बंद केली काय, मराठी वाहिनीच्या टीआरपीच्या त्या तक्त्यात त्याची नोंद होत नाही. फेब्रुवारी २०१९ पासून आपल्या वाहिन्या आपण निवडून त्यांचे पैसे भरतो. आमच्या केबलवाल्याच्या तयार पॅकमध्ये कन्नड वाहिन्या असतात आणि मराठी वाहिन्या मी दरमहा वेगळे पैसे भरून घेतो. पैसे आपले जातात आणि मत मात्र मोजले जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

तरीही मार्ग बंद नाही. ॲपवर पाहिलेला भाग राज्याची सीमा पाहत नाही. आपण तो कुठे थांबवला, पुढचा उघडला की नाही, हे सारे तेथे नोंदले जाते. त्याखेरीज वाहिनीच्या अधिकृत पानांवर आणि निर्मिती संस्थेच्या पत्त्यावर लिहिता येते. वाहिन्यांवरील मजकुराविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी एक परिषद २०११ पासून आहे, पण एखादे पात्र जगवावे की मारावे हा विषय तिच्या कक्षेत बसत नाही, त्यामुळे तेथे वेळ घालवू नये.

प्रेक्षकांनी एकमुखाने आवाज उठवला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या पिढीने पाहिले आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेत २००१ मध्ये मिहीर विराणीचा मृत्यू दाखवला, तेव्हा लोक इतके संतापले की अखेर मिहीरला परत आणावे लागले.

खानापूरहून

निपाणीकर काकांनी दिलेली माहिती मोलाची आहे, परंतु मिहीरचे उदाहरण मला पटत नाही. त्या वेळी प्रेक्षक जिंकले हे खरे, पण मेलेला माणूस परत येऊ शकतो हे एकदा लोकांना कळले की मालिकेतल्या कोणत्याही मरणावर कुणाचा विश्वास बसत नाही. आशुतोषला असे परत आणले असते तर तुमच्या आईंनाही ते रुचले नसते असे मला वाटते.

माझा आक्षेप मृत्यूवर नाही, कारण लेखकाला तो अधिकार असलाच पाहिजे. माझा आक्षेप त्या मृत्यूचे पुढे काय केले यावर आहे. आपल्या सीमेला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे हे थांबवायचे, असे एका गावाने ठरवले आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. आशुतोष गेला त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट आहे. म्हणजे लेखकांच्या हाताशी केवढा मोठा विषय तयार होता! एक घटस्फोटित स्त्री स्वतःच्या निवडीने पुन्हा लग्न करते, तो माणूस जातो, आणि "लाभले नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाला ती ठामपणे उत्तर देते, असा एक भाग जरी मनापासून लिहिला गेला असता, तरी तुमच्या बहिणीला त्या दिवशी उठून आत जावे लागले नसते. म्हणून पत्र लिहायचेच असेल तर "का मारले" यापेक्षा "मारल्यावर तिला एवढे एकटे का ठेवले" असे विचारावे.

टिळकवाडीची

आमच्या शेजारच्या वहिनी कन्नड आहेत आणि संध्याकाळी आम्ही एकमेकींच्या घरी जाऊन दोन्ही भाषांतल्या मालिका पाहतो, म्हणून त्यांच्या बाजूची हकीकत सांगते. झी कन्नडवर 'पुट्टक्कन मक्कळू' ही मालिका डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. नवऱ्याने टाकलेली पुट्टक्का खानावळ चालवून तीन मुलींना वाढवते. ती भूमिका उमाश्री यांनी फार मनापासून केली आहे. त्यातली स्नेहा ही मुलगी शिकून जिल्हाधिकारी होते, आणि २०२४ च्या अखेरीस तिचाच मृत्यू दाखवला गेला, कारण ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने मालिका सोडली होती. त्या रात्री वहिनींच्या घरी मी गेले तर टीव्ही बंद होता आणि त्यांची दहावीतली मुलगी पुस्तक मिटून बसली होती. "इतकं शिकून काय उपयोग झाला?" एवढेच ती मला म्हणाली.

मला यातून एक गोष्ट सांगावीशी वाटते. कलाकार मालिका सोडून जातात, त्यांना तो हक्क आहे. पण पात्राला गावाबाहेर पाठवता येते, बदलीवर पाठवता येते, भूमिकेत दुसरा कलाकार घेता येतो. खुद्द मिहीरची भूमिकाही पुढे दुसऱ्या अभिनेत्याने केलीच. असे असताना नेमके त्याच व्यक्तीला का मारतात, जिच्यामुळे घराघरांतल्या बायकांना आणि मुलींना बळ मिळालेले असते? आशुतोष आणि स्नेहा या दोघांच्या बाबतीत मला हेच सर्वांत जास्त लागले. खानापूरच्या दादांचे म्हणणे मला मान्य आहे, पण "का मारले" हा प्रश्नही पत्रातून गाळू नये.

वडगावची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. टीआरपीच्या आकड्यांत आपली घरे धरली जात नाहीत हे आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग पत्रच लिव्ह, पत्रावर तरी गावाचं नाव असतंय." त्यामुळे निर्मिती संस्थेला आणि वाहिनीला पत्र पाठवायचे आम्ही ठरवले आहे. मालिका संपली असल्यामुळे काही बदलून मागायचे नाही. आत्याबाईंचे वाक्य आहे तसे लिहिणार आहे, हेरवाडच्या ठरावाचा उल्लेख करणार आहे, आणि पुढच्या मालिकेत घटस्फोटित बाईचे दुसरे लग्न दाखवणार असाल तर तो संसार सुखाने चाललेला निदान एकदा तरी शेवटपर्यंत दाखवा, अशी विनंती करणार आहे. पत्रावर आई आणि मी सही करणार आहोत. बहिणीला विचारले तेव्हा तिने आधी मसुदा वाचायला मागितला, आणि वाचून झाल्यावर त्यात स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: "मी पुन्हा लग्न करणार आहे आणि ते लाभेल, असे मला वाटते."

निपाणीकर काका, मसुदा आपल्याला निरोपातून पाठवते. शुद्धलेखन एकदा पाहून द्यावे. बहिणीच्या ओळीला मात्र हात लावू नये.