दक्षिण ग्रीस: एका दिवसात जाऊन येण्याजोगी गावं, गड आणि किनारे. तुमचे अनुभव लिहा

ग्रीसला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या बहुतेकांशी बोललं की अथेन्स, सांतोरिनी आणि मिकोनोस ही तीनच नावं ऐकू येतात. कोरिंथचा कालवा ओलांडून खाली पेलोपोनीज या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात उतरणारे थोडेच. जे उतरतात तेही अथेन्सहून सकाळी बसने निघतात, कालवा, मायसीनी, एपिडॉरस, नाफ्प्लिओ सगळं एका दिवसात उरकतात आणि रात्री परत जातात. मला ही पद्धत मुळीच पटत नाही.

आम्ही मुक्काम नाफ्प्लिओला केला आणि रोज एकच ठिकाण, असं ठरवलं. मायसीनी, एपिडॉरस, प्राचीन कोरिंथ ही सगळी तिथून सुमारे तासाभराच्या अंतरावर. स्थळ उघडायच्या वेळीच दारात हजर राहायचं, म्हणजे अथेन्सच्या बसेस येईपर्यंत निवांत बघून होतं. मायसीनी या प्राचीन तटबंद नगरात इ.स.पू. १२५० च्या सुमाराचं सिंहद्वार सगळेच बघतात. पण टेकडीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्याकडे उतरणारा दगडी जिना आहे. वेढा पडला तर तटाबाहेर न पडता पाणी मिळावं म्हणून केलेला. उतरू देतात तिथपर्यंत जरूर जा, विजेरी लागेल. थोडं अलीकडे रस्त्यालगत ‘आत्रेउसचा खजिना’ म्हणतात ती घुमटाकार कबर आहे. तिच्या दारावरचा एक दगड सुमारे १२० टनांचा! जर्मन उत्खनक श्लीमन याला इथल्या १८७६ च्या उत्खननात मिळालेला सोन्याचा मुखवटा मात्र अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ते आधी बघून मग इथे आलं की रिकाम्या कबरी रिकाम्या वाटत नाहीत.

तुम्ही कुठे गेलात, कसे गेलात, काय आवडलं, सगळं येऊ द्या.

गडवाट

नाफ्प्लिओवरच लिहितो. गावाच्या डोक्यावर २१६ मीटर उंचीवर पालामिदीचा किल्ला आहे. पायऱ्या ९९९ असं गावात सांगतात. व्हेनिसच्या लोकांनी तो १७११ ते १७१४ या काळात बांधला. म्हणजे कान्होजी आंग्रे कोकण किनारा राखून होते, नेमकी तीच वर्षं. इतका अभ्यास करून बांधलेला किल्ला १७१५ मध्येच तुर्कांनी घेतला. आठ बुरुज आहेत, आणि त्यातला एक शत्रूच्या हाती गेला तरी बाकीच्यांनी लढत राहावं अशी प्रत्येकाची स्वतंत्र रचना. आपल्याकडचे गड चढणाऱ्याने या रचनेसाठी अख्खी सकाळ ठेवावी. तुर्कांविरुद्धच्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी कोलोकोट्रोनिस याला पुढे स्वतंत्र ग्रीसच्याच सरकारने इथे कैदेत ठेवलं. ती कोठडी दाखवतात.

खाली गावात सेंट स्पिरिडॉनचं छोटं चर्च आहे. ग्रीसचा पहिला राष्ट्रप्रमुख कापोदिस्त्रियास याची ९ ऑक्टोबर १८३१ रोजी त्याच्या दारात हत्या झाली. भिंतीतली गोळीची खूण काचेखाली जपली आहे. १८३४ मध्ये राजधानी अथेन्सला हलली, तोवर ती याच गावात होती. त्या गल्लीत मी बराच वेळ थांबलो.

सायली_ठाणे

गडवाट, आमच्यासारख्यांसाठी एक भर घालते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही पायऱ्या टाळल्या. किल्ल्याच्या मागच्या अंगाने थेट वरच्या दरवाजापर्यंत गाडीरस्ता आहे, टॅक्सी जाते. वरून आखाताचं पाणी आणि त्यातला बुर्जीचा छोटा जलदुर्ग बघून त्या खूप खूश झाल्या. स्पार्टाजवळच्या डोंगरउतारावरचं जुनं बायझंटाइन नगर मिस्त्रास, तिथेही हेच करा. टॅक्सीने वरच्या दरवाजाला उतरायचं आणि उतार धरून खाली यायचं.

आणि धागाकर्त्यांना एक सांगावंसं वाटतं. रोज सामान हलवणं किंवा बस शोधणं वयस्कर माणसांना झेपत नाही. त्यांच्यासाठी अथेन्सहून निघणारी एक दिवसाची सहल वाईट नाही. फक्त चार ठिकाणांची न घेता दोनची घ्या.

तिसरी घंटा

एपिडॉरसबद्दल कुणीच लिहिलं नाही? मग मी सविस्तर लिहिते.

दिवसा तिथे गेलात तर एक दृश्य ठरलेलं. मधल्या गोल दगडावर गाईड नाणं टाकतो आणि लोक वरच्या रांगेतून हात हलवतात. इ.स.पू. चौथ्या शतकातलं हे नाट्यगृह. आधी ३४ रांगा होत्या, नंतर वर २१ वाढवल्या, अशा ५५. तेरा-चौदा हजार माणसं बसू शकतात. ध्वनीवर बराच अभ्यास झाला आहे. चुनखडीच्या पायऱ्या खालच्या पट्टीतली कुजबुज गाळतात आणि वरचे स्वर पुढे जाऊ देतात, असं २००७ मधल्या एका अभ्यासात मांडलं गेलं. पुढे २०१७ मध्ये डच संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमापं घेतली, तेव्हा नाणं पडल्याचा आवाज सगळ्या रांगांत ओळखू येत नाही असं दिसलं. मोठ्याने, नीट टाकलेला आवाज मात्र शेवटपर्यंत पोहोचतो. मला हे जास्त आवडलं. नटाने आवाज कमावायचा आणि वास्तूने त्याला साथ द्यायची!

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर शुक्रवार किंवा शनिवार रात्रीचं नाटक बघा. प्राचीन शोकांतिका ग्रीकमध्ये चालते, बाजूला इंग्रजी मजकूर दिसतो. प्रयोगाच्या दिवशी अथेन्स आणि नाफ्प्लिओहून खास बसेस सुटतात. अंधार पडत जातो, मागे झाडी आणि डोंगर, आणि समूहगान सुरू झालं की हजारो माणसं चिडीचूप. मी आयुष्यभर नाटकं बघत आले, पण रंगभूमी माणसाला कशासाठी लागते हे मला तिथे बसून कळलं. शेजारीच आरोग्याचा देव अ‍ॅस्क्लेपिऑस याचं आरोग्यधाम आहे. रुग्ण तिथल्या दालनात झोपायचे आणि स्वप्नात देव उपचार सांगतो अशी श्रद्धा होती. नाट्यगृह त्याच आवारात बांधलं गेलं, हे लक्षात ठेवून बघा.

उशी न्या, दगड टोचतो. टाचांचे बूट नकोत.

हिरवी मिरची

शाकाहारी मंडळींची काळजी मिटवते. टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे म्हणजे ‘यिगांतेस’, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणावं असं ‘फावा’, लिंबू पिळलेली रानभाजी ‘होर्ता’ आणि भात भरलेले टोमॅटो ‘येमिस्ता’. ‘नीस्तीसिमो’, म्हणजे उपवासाचं, असं विचारलं की मांस, दूध, अंडी नसलेलं मिळतं. पण त्यांच्या उपवासाला कोळंबी-कालवं चालतात, तेवढं विचारून घ्या. येमिस्तात कधी खिमा असतो.

लाटांवर

मोनेमवासिया. अथेन्सहून एका दिवसात जाऊन यायचा हट्ट करू नका, बसने एका बाजूलाच पाच-सहा तास जातात. स्पार्टाला राहून जा. समुद्रात सुटलेला प्रचंड खडक, मुख्य भूमीशी जोडणारा अरुंद बांध, आणि तटात एक बोगद्यासारखा दरवाजा. गाडी आत जाऊ शकत नाही. खालच्या गावात लोक राहतात, वरचं गाव ओस आहे, आणि कड्यावर आया सोफियाचं बायझंटाइन चर्च. कवी यानिस रित्सोस इथला. १९०९ मध्ये इथेच जन्मला आणि इथेच पुरला आहे.

प्रथमेश_दुबई

ऑक्टोबरमध्ये जातोय. नाफ्प्लिओ आणि मोनेमवासिया ठरलं. पश्चिमेला पिलोस करावं का?

गडवाट

जरूर करा, मुक्काम कालामाताला ठेवा. पिलोसच्याच उपसागरात २० ऑक्टोबर १८२७ रोजी नावारिनोची लढाई झाली. ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाच्या आरमाराने तुर्की-इजिप्शियन आरमार बुडवलं. निव्वळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ती शेवटची मोठी लढाई. पिलोसच्या चौकाचं नावच या तीन आरमारांच्या सेनापतींवरून आहे. तिथून सुमारे १२ किलोमीटरवर मेथोनीचा किल्ला. त्याच्या टोकाला पाण्यात अष्टकोनी बुरूज आहे, पुलावरून चालत जाता येतं. पिलोस आणि मेथोनी एका दिवसात आरामात होतात, स्वतःची गाडी असली तर वोइदोकिलियाचा अर्धगोल किनाराही. हिवाळी वेळापत्रक लागलं की बरीच स्थळं दुपारी लवकर बंद होतात, म्हणून मेथोनी सकाळीच करा आणि जेवायला पिलोसला या.