हवाई दलातून निवृत्त, आता हवामानशास्त्र शिकायचंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. हवाई दलात २० वर्षं मेट असिस्टंट (हवामान सहायक) होतो. पहाटे फुगा सोडायचा, थिओडोलाइटला (कोन मोजायच्या दुर्बिणीला) डोळा लावून वारा मोजायचा, तासातासाला मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) पाठवायचा. वय ३९. ढग बघून क्युम्युलोनिम्बस (गडगडाटी पावसाचा उंच ढग) ओळखतो, पण तो तसा का वाढतो याचं गणित मांडता येत नाही, ही खंत आहे.

नोकरीत असतानाच इग्नूतून बीएस्सी केली, फिजिक्स-गणित घेऊन. आता पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एमएस्सी करावी म्हणतो. कोचीनच्या क्युसॅटचाही (तिथलं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ) विचार आहे, पण घर पुण्यात, मुलगी दहावीला!

दूरशिक्षणाच्या पदवीवर प्रवेश मिळालेलं कुणी आहे का? माजी सैनिकांना वेगळ्या जागा असतात का? आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पार विसरलोय, कुठून सुरुवात करू?