मदत हवी आहे: कोरियन कागदपत्रांसाठी प्रमाणित अनुवादक (टोरांटो परिसर)

कॅनडाच्या पीआर (कायम वास्तव्य) अर्जासाठी कोरियन-इंग्रजी प्रमाणित अनुवादक कोणाच्या माहितीत आहे का? इमिग्रेशन सल्लागार परवानाधारक आहे, त्याला प्रतिनिधी नेमण्याचा ५४७६ फॉर्मही भरलाय. पण अर्जदार, नातेवाईक किंवा सल्लागार यांनी केलेला अनुवाद चालत नाही. अनुवादक प्रमाणित नसेल तर शपथपत्र लागतं.

खरी अडचण कोरियन कुटुंब-संबंध दाखल्याची (आई-वडील, जोडीदार, मुलं यांची सरकारी नोंद). त्याचा ‘साधा’ प्रकार आणलाय. त्यात आधीच्या लग्नाची मुलं सुटू शकतात, म्हणून ‘सविस्तर’च हवा. पोलीस दाखलाही मुदत संपलेल्या शिक्षांच्या नोंदीसह लागतो. (नेहमीचा घोळ: ‘ली’ आडनाव, स्पेलिंग मात्र प्रत्येक कागदावर वेगळं. पासपोर्टवरचंच धरा.)

हे दाखले कोरियन वकिलातीतून मिळवायला किती दिवस लागतात? आणि पानामागे दर काय चाललाय?