कंपन्या एकत्र करून खर्च वाचत नाही
वर एकांनी लिहिलंय की बजेट पुरत नाही तर आपल्याकडच्या डिफेन्स कंपन्या एकत्र करून टाका. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेने हेच केलं ना, शीतयुद्ध संपलं, बजेट कापलं, १९९३ मध्ये पेंटागॉनने, म्हणजे त्यांच्या संरक्षण खात्याने, बड्या कंपन्यांच्या प्रमुखांना जेवायला बोलावून सांगितलं की सगळ्यांना पुरेल एवढं काम आता राहणार नाही, मग १९९५ ला लॉकहीड नि मार्टिन मरिएटा, १९९७ ला बोइंग नि मॅकडोनेल डग्लस, असं करत ५१ बड्या कंपन्यांच्या ५ उरल्या. खरा फटका खालच्या सप्लायरांना बसला. सॉलिड रॉकेट मोटर (क्षेपणास्त्रांची घन इंधनाची इंजिनं) बनवणारे मोठे दोनच राहिले, आणि २०२२ मध्ये युक्रेनला स्टिंगर ही खांद्यावरून डागायची विमानविरोधी क्षेपणास्त्रं पाठवून साठा घटला तेव्हा त्याचे काही इलेक्ट्रॉनिक पार्ट मिळेचनात, डिझाइन बदलायची पाळी आली!

आपल्या इथे विक्रोळीत गोदरेजमध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या एअरफ्रेमचे (बाहेरच्या सांगाड्याचे) भाग बनतात, अभिमान वाटतो. पण तेजस मार्क १ए या लढाऊ विमानाचं इंजिन एकट्या जीई या अमेरिकन कंपनीचं, ते लेट झालं की विमानंही लेट. दुसरा सप्लायर उभा करायला पैसे घाला हो, महाग पडला तरी चालेल.