सुक्या कचऱ्यातले दोन वेप : नेरूळमधल्या सोसायटीच्या ग्रुपवरून

सचिव, ए-१०३ : नमस्कार मंडळी. आज सकाळी डी विंगच्या सुक्या कचऱ्यात दोन डिस्पोजेबल वेप, म्हणजे एकदाच वापरून टाकायच्या ई-सिगारेट, निघाले. हायलायटर पेनाएवढे, एक निळा, एक गुलाबी, टोकाला चपटी तोटी. मावशींना पेन ड्राइव्ह वाटले म्हणून त्यांनी बाजूला काढून ठेवले. कोणाचे आहेत ते शोधायचं नाही, कृपया तो विषय इथे काढू नका. प्रश्न दोनच. यांचं आता करायचं काय, आणि रविवारच्या सभेत ठराव काय घ्यायचा?

इंजिनीअर, डी-१२०१ : आधी सांगा, ठेवलेत कुठे?

सचिव, ए-१०३ : ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. गुलाबी जरा फुगल्यासारखा दिसतोय.

इंजिनीअर, डी-१२०१ : लगेच बाहेर काढा. मीटर रूमकडेही नेऊ नका. 'वापरा आणि फेका' म्हणून विकतात, पण आत लिथियम-आयन सेल असतो, मोबाइलमध्ये असतो त्याच जातीचा, ३.७ व्होल्टचा. तोंडाने ओढलं की हवेच्या दाबावर चालणारा सेन्सर सर्किट जोडतो, कॉइल तापते आणि कापसात मुरलेल्या लिक्विडची वाफ होते. लिक्विड संपलं तरी सेलमध्ये चार्ज शिल्लक असतो. कचऱ्याच्या गाडीत तो दाबला गेला की सेलमधला पातळ पडदा फाटतो, आतल्या आत शॉर्ट होतो आणि मग सेल स्वतःच तापत जातो. भोवती कागद आणि प्लास्टिक, म्हणजे तुर्भ्याच्या कचराभूमीला पोचायच्या आत गाडी पेटायची.

आत्ता इतकंच करा. जिन्याजवळच्या लाल बादलीतली कोरडी वाळू स्टीलच्या डब्यात घ्या, दोन्ही त्यात पुरा, झाकण नुसतं टेकवा. घट्ट लावलं तर वायू कोंडतो. डबा उघड्यावर, गाड्यांपासून लांब. सोलायचं नाही, टोचायचं नाही. पेटलाच तर भरपूर पाणी ओता, एवढ्या छोट्या सेलला पाणी थंड करतं.

वकील, बी-५०२ : वाळूचा डबा ठीक, पण आजच्यापुरताच. ई-सिगारेट बंदी कायदा २०१९ चा आहे. अध्यादेश १८ सप्टेंबर २०१९ ला निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला आणि तो त्याच सप्टेंबरपासून लागू धरला. कलम ४ मध्ये उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात सगळं बंद. ऑनलाइन विक्रीही त्यातच. कलम ५ साठवणुकीचं आहे. शिक्षा अशी : कलम ४ मोडलं तर पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणून 'सापडलेले वेप गोळा करून ठेवू, महिन्याने ई-कचऱ्यात देऊ' हा मार्ग सोसायटीने धरू नये. आज संध्याकाळी लेटरहेडवर पत्र करा : तारीख, वेळ, कुठे सापडले, किती नग, रंग, वरचा मजकूर, फोटो. दोघांच्या सह्या. पोलिस ठाण्यात वस्तू द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.

डी-४०३ : वकीलसाहेब, ओढणाऱ्यावर गुन्हा होतो का? मुलं सांगतात, 'वापरायला बंदी नाहीये.'

वकील, बी-५०२ : अर्धंच सांगतात, ताई. 'वापर' हा शब्द कलम ४ मध्ये नाही, हे बरोबर. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये सांगितलं की कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात जवळ बाळगणं हे या कायद्याचं उल्लंघन आहे. जवळ न बाळगता कोणी ओढू शकत नाही. आणि मित्राला एक विकला की ती सरळ विक्री. दहावी-बारावीच्या मुलांना नेमकं हेच माहीत नसतं.

डी-४०३ : आणि 'झिरो निकोटीन' लिहिलेलं असेल तर?

वकील, बी-५०२ : तेही बंद. व्याख्येतच आहे, निकोटीन असो वा नसो. तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणं आणि ई-हुक्काही त्यातच. सूट फक्त औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० खाली परवाना असलेल्या उत्पादनांना.

डॉक्टर, सी-८०४ : शिवाय 'झिरो' हे त्या पाकिटाचं म्हणणं झालं. बेकायदा माल कोणत्याच प्रयोगशाळेतून तपासून आलेला नसतो.

आकडे नीट बघा. वेपवर लिहिलेलं '५ टक्के' म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटीन. १० मिलिलिटरच्या नगात ५०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते दीड मिलिग्रॅम जातं. नगातलं सगळं काही शरीरात उतरत नाही, पण साठा केवढा ते कळतं. सिगारेट संपते तेव्हा माणूस थांबतो, याला थांबायची खूणच नाही. त्यात निकोटीन सॉल्ट. साधं निकोटीन घशाला झोंबतं, बेंझोइक ॲसिड घालून केलेलं सॉल्ट झोंबत नाही. पहिला ठसका येऊन पोरगं मागे फिरायचं, तो ठसकाच काढून टाकलाय. आंबा, पुदिना, बबलगमचे स्वाद त्यावर. माझा राग आहे तो याच गोष्टीवर.

लिक्विड संपत आलं तरी ओढत राहिलं तर कोरडा कापूस करपतो आणि फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन तयार होतात. जळका वास आला म्हणजे हेच.

फार्मासिस्ट, बी-२०४ : डॉक्टर, तुमचा प्रत्येक शब्द मान्य. पण यातूनच मला वाटतं की सरसकट बंदीपेक्षा कडक नियमन बरं. ब्रिटनमध्ये निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, टाकी २ मिलिलिटरची, रिफिलची बाटली १० मिलिलिटरची. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून वेप फक्त औषधाच्या दुकानात मिळतो. म्हणजे आत काय आहे ते कोणाला तरी विचारता येतं. आपल्याकडे सिगारेट उघड विकायची आणि त्याहून कमी धूर करणारं बंद, हे मला पटत नाही. सिगारेट सोडू पाहणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचा विचार कोणी करायचा?

डॉक्टर, सी-८०४ : त्याच माणसाचा विचार करते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. आपला प्रश्न मुख्यतः मिश्री, तंबाखू-चुना आणि गुटख्याचा आहे. ब्रिटनमध्ये सिगारेटवरून वेपवर नेणं हा एक उपाय असेल. इथे मिश्री लावणाऱ्या आजीला वेप देऊन काय साधणार? आणि ब्रिटननेही १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल विकायला बंदी केली, कारण तीच तरुण मुलांच्या हातात आणि तीच कचऱ्यात.

फार्मासिस्ट, बी-२०४ : ती बंदी डिस्पोजेबलवर आहे. चार्ज करता येणारे, पुन्हा भरता येणारे तिथे अजून चालतात. आणि आपल्याकडे गुटखा २०१२ पासून बंद आहे, टपऱ्यांवरून गेला का? बंदीचा कागद काढला की काम झालं असं धरतात, माझं दुखणं ते आहे.

सीएचए (कस्टम्स एजंट), ए-७०३ : दोघांच्या मध्ये बोलतो. न्हावा शेवा बंदर आपल्या उशाशी आहे. २०२२ पासून ई-सिगारेटच्या मालाला जगभर वेगळे कस्टम्स कोड आहेत. म्हणजे खरं नाव लिहून कंटेनर आणला तर तो तिथेच अडकतो. म्हणून कागदावर नाव भलत्याच मालाचं असतं आणि खोकी मधल्या थरात. एक नग किती छोटा असतो ते आज तुम्ही पाहिलंच. त्यामुळे पकडायची खरी जागा बंदरावर, गोदामात आणि कुरियरच्या साखळीत आहे. शाळेच्या पोराचं दप्तर तपासणं हे साखळीचं शेवटचं टोक झालं. बंदी ठेवायची तर माणसं तिथे वाढवायला हवीत.

वकील, बी-५०२ : सीएचए काकांशी सहमत. म्हणून ठरावातून तीन गोष्टी वगळा : वॉचमनने मुलांच्या बॅगा तपासणं, नोटीस बोर्डावर नावं आणि सोसायटीचा स्वतःचा दंड. कायद्याखाली झडतीचा अधिकार प्राधिकृत अधिकाऱ्याला आहे, पोलिसांत किमान उपनिरीक्षक. आपल्या वॉचमनला नाही.

तक्रार करायची ती विकणाऱ्याची. ११२ वर किंवा पोलिस ठाण्यात लेखी, शिवाय आरोग्य मंत्रालयाने यासाठी २०२३ मध्ये सुरू केलेलं पोर्टल आहे. 'स्टेशनजवळ विकतात' असं मोघम लिहिलं की काही होत नाही. दुकान नेमकं कोणतं, कशाच्या शेजारी, कोणत्या वेळी, माल काउंटरखाली की आत, पैसे रोख की यूपीआय, हे लिहा. पुरावा म्हणून स्वतः विकत घेऊ नका. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखूही विकता येत नाही. तो २००३ चा वेगळा कायदा, त्याचाही उल्लेख त्याच अर्जात करा.

डी-४०३ : आणि घरात सापडला तर आईबापांनी काय करायचं? तेही कोणी लिहा ना.

डॉक्टर, सी-८०४ : आधी ओरडू नका. 'दिवसात पहिला झुरका उठल्यावर किती वेळाने?' हे विचारा. अर्ध्या तासाच्या आत असेल तर सवय पक्की आहे. बंद केल्यावर पहिले २-३ दिवस सर्वांत वाईट : चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं. परीक्षेच्या तोंडावर हे मुद्दाम केल्यासारखं वाटतं, पण तसं नसतं. २ ते ४ आठवड्यांत बरंच ओसरतं. राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे. १८ खालच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय निकोटीनचं च्युइंगम देऊ नका.

लहान मूल असलेल्या घरांनी लक्षात ठेवा, लिक्विड प्यायलं तर उलटी करवू नका, थेट हॉस्पिटल. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, ते कातडीतून आत जातं.

फार्मासिस्ट, बी-२०४ : मोठ्यांसाठी २ मिलिग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय मिळतं. पण बहुतेक जण ते साध्या च्युइंगमसारखं चघळतात, मग उचकी लागते, पोटात मळमळतं आणि 'आपल्याला मानवत नाही' म्हणून सोडून देतात. हळू चावा, चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चुणचुण गेली की पुन्हा चावा. अर्धा तास असं. आधीची १५ मिनिटं चहा-कॉफी नको, तोंड आंबट असलं की निकोटीन नीट शोषलं जात नाही.

सचिव, ए-१०३ : पत्राचा मसुदा केला : 'डी विंग, चौथ्या ते सहाव्या मजल्याच्या कचऱ्यात...'

वकील, बी-५०२ : मजले काढा. 'इमारतीच्या सुक्या कचऱ्यात' एवढंच. साडेसहाला मी येतो, दुसरी सही माझी.

इंजिनीअर, डी-१२०१ : आणि डबा रिक्षातून न्या, स्कूटरच्या डिकीत बंद करू नका. फुगलेला आहे.