खोकला म्हटला की टीबीच? (फुफ्फुसाचा कॅन्सर आणि आपण)

सुमेधा_क
मागच्या वर्षी ऑगस्टात मावशीला खोकला लागला. वय ५८. बिडी-सिगारेट सोडाच, बाईने कधी मशेरीही लावली नाही. तालुक्याला छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला, उजव्या बाजूला बोट ठेवून "इथं पॅच आहे" म्हणाले, आणि एकेटी (टीबीची औषधं) सुरू. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, तरीही. गोळ्यांनी लघवी लाल व्हायला लागली तशी मावशी खूश, "औषध लागू पडतंय बघ." पाच महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. मग दम लागायला लागला, छातीतून सव्वा लिटर पाणी काढलं आणि त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या. चौथी स्टेज.

ग्लोबोकॅनच्या (जगभरच्या कॅन्सरचे आकडे मांडणारा प्रकल्प) २०२२ च्या अंदाजानुसार भारतात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ७५ हजार मृत्यू. सापडतात जवळपास तेवढेच जातात. सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, फुफ्फुस नाही. माझं मत: टीबीचा पुरावा नसेल तर एकेटी देऊ नये, आणि पन्नाशीपुढच्या सगळ्यांचा दरवर्षी लो-डोस सीटी (कमी किरणांचा सीटी स्कॅन) व्हावा. धूम्रपान न करणाऱ्यांचासुद्धा. सगळ्यांच्या नाकात हवा तीच जाते.

छातीवाला
जिल्ह्याच्या गावी छातीचा डॉक्टर आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. मावशींबद्दल वाईट वाटलं. पण तुमच्या दोन्ही मागण्यांना माझा विरोध.

देशात टीबीचे वर्षाला अंदाजे २८ लाख रुग्ण. तुमच्याच आकड्याने भागा: फुफ्फुसाच्या एका कॅन्सरमागे चौतीस टीबी. फोटोत दोन्ही सारखेच दिसू शकतात. खोकला, ताप, वजन घटणं, थुंकीतून रक्त, लक्षणंही तीच. म्हातारा माणूस बेडका काढूच शकत नाही, नुसती लाळ देतो, मग रिपोर्ट निगेटिव्ह येणारच. पुराव्यासाठी अडून बसलो तर टीबीनेच माणसं मरतील. मावशींच्या बाबतीत चूक औषध सुरू करण्यात कमी, चालू ठेवण्यात जास्त. दोन महिन्यांनी वजन वाढत नाही, फोटो तसाच आहे, तेव्हाच सीटी आणि फुफ्फुसाची दुर्बिणीने तपासणी व्हायला हवी होती.

सुमेधा_क
सीबीनॅट (थुंकीत टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी टेस्ट) सरकारी दवाखान्यात फुकट होतं ना? मावशीचं केलंच नाही. स्लाइड बघितली, निगेटिव्ह, विषय संपला. "चौतीसला एक" हा हिशेब ओपीडीत ठीक आहे हो. ज्याच्या घरात तो एक असतो त्याने काय करायचं?

छातीवाला
सीबीनॅट केलं नसेल तर ते चूकच. तिथे माझं काही म्हणणं नाही.

तंबाखूमुक्त_तात्या
"हवा तीच" या वाक्यावर आक्षेप. हल्ली कुणाला काही झालं की हवा! तंबाखूवाल्यांना याहून सोयीचं काय असेल? कॅन्सर रजिस्ट्रीत फुफ्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण सर्वांत जास्त कुठे आहे माहीत आहे का? दिल्लीत नाही, मिझोरामच्या राजधानीत, ऐझॉलमध्ये. बायकांमध्येसुद्धा. डोंगरातलं गाव, दिल्लीच्या मानाने हवा कितीतरी स्वच्छ. पण गॅट्सच्या (प्रौढांच्या तंबाखूसेवनाची पाहणी) २०१६-१७ च्या फेरीत मिझोराममधले ३४ टक्के प्रौढ धूम्रपान करतात. आपल्याकडे महाराष्ट्रात ३.८ टक्के. आपण ओढत नाही, मळतो. म्हणून आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर आणि तिकडे फुफ्फुसाचा.

दिल्लीकर_मराठी
तात्या, एका ऐझॉलवरून हवा निर्दोष ठरत नाही. बाहेरच्या हवेचं प्रदूषण कॅन्सर करतं हे आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २०१३ मध्येच मान्य केलंय, तंबाखूच्याच पहिल्या गटात टाकून. इथल्या एका बड्या रुग्णालयात ऑपरेशन झालेल्या १५० जणांपैकी निम्मे कधीही न ओढणारे होते, २०१८ मधली गोष्ट. नोव्हेंबरात या एकदा, टेरेसवर वाळत घातलेला पांढरा शर्ट दाखवतो.

तंबाखूमुक्त_तात्या
ऑपरेशन झालेले १५० म्हणजे देश नव्हे. जिल्ह्यातला बिडीवाला सर्जनपर्यंत पोचतो कुठे? आणि शेजारच्या बिडीचा धूर, चुलीचा धूर यात मोजला का? सुमेधाताई, मावशींकडे गॅस कधी आला?

सुमेधा_क
सहा-सात वर्षांपूर्वी. आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. मामंजी (तिचे सासरे) ओसरीवर बिडी ओढायचे, वारले तेव्हा ती चाळिशीत होती. हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

लीड्सहून
इंग्लंडात फुफ्फुसाची तपासणी आता देशभर नेतायत, पण बोलावतात फक्त ५५ ते ७४ वयाच्या, कधीतरी धूम्रपान केलेल्यांना. म्हणजे तुमच्या मावशींना इथेही पत्र आलं नसतं. तैवानने मात्र २०२२ पासून घरात हा कॅन्सर असलेल्यांनाही घेतलंय, ओढत नसले तरी.

छातीवाला
तैवानचा दाखला चांगला आहे, पण तिथे आपल्याइतका टीबी नाही. अमेरिकेत ५३ हजार लोकांवर मोठी चाचणी झाली होती, निकाल २०११ चा. सीटीमुळे या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, हे खरं. पण "काहीतरी दिसतंय" असे जे सीटी निघाले त्यांतले ९६ टक्के कॅन्सर नव्हतेच. आणि चाचणीतले सगळे वर्षानुवर्षं ओढलेले होते. आपल्याकडे पन्नाशीच्या किती छात्यांत जुन्या टीबीचे डाग आहेत! प्रत्येक डागात सुई घालायची? सुईने फुफ्फुस फुटतं, तेही मीच निस्तरतो. तेवढ्या पैशात प्रत्येक तालुक्याला, दोन महिन्यांत न सुधारलेल्या रुग्णाचा सीटी आठवड्यात करून द्या. मी उद्या सही करतो.

लॅबवाली
सगळे निदानावर भांडताय. निदानानंतरचं बघा. आपल्याकडे अडिनोकार्सिनोमाच्या (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत ईजीएफआर म्युटेशन (गाठीच्या पेशींतल्या एका जनुकातला बदल) सापडतं, गोऱ्या लोकांपेक्षा जास्त. म्हणजे त्या बदलावर मारा करणारी गोळी चालते, गेफिटिनिब किंवा ओसिमर्टिनिबसारखी. पण बायोप्सीचा तुकडा एवढासा पाठवतात की टेस्टला काही उरतच नाही. जेनेरिक गेफिटिनिब महिन्याला काही हजारांत मिळतं. ओसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क २०२४ च्या बजेटमध्ये काढलं, तरी ते सामान्यांच्या हातात आलेलं नाही. आणि टाटा मेमोरियलच्याच चाचणीत गेफिटिनिबला केमोची जोड दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा काळ आठावरून सोळा महिन्यांवर गेला होता. स्वस्त औषधांवर, मुंबईत. सुमेधा, टेस्ट झाली का?

सुमेधा_क
झाली, पॉझिटिव्ह. सात महिने गोळी चालू आहे, केमोला ती तयार नाही. सरसकट सीटीची मागणी मी मागे घेते, डॉक्टरांचं दोन महिन्यांचं मान्य. पुराव्याचं मात्र सोडत नाही.

मावशीच्या तोंडावर सोळा वर्षांच्या पोरीसारख्या पुटकुळ्या आल्यात. कुणीतरी सांगितलं, पुरळ आलं म्हणजे गोळी लागू पडतेय. तर म्हणाली, "मागल्या खेपेला लाल लघवीवर भरवसा ठेवला, आता पुटकुळ्यांवर ठेवू व्हय?"

छातीवाला
पुटकुळ्यांवर नको. पुढचा सीटी कधी आहे?

सुमेधा_क
मंगळवारी.